गोल देठाचं डांगर

डांगराच्या फुलांची भजी मी आयुष्यात एकदाच पोटभर खाल्ली, आणि नेमकी तीच खायला नको होती. पण आधी माझं काम काय होतं ते सांगायला हवं, नाहीतर भजी खाण्यात कसला आलाय गुन्हा, असं तुम्ही म्हणाल.

एकोणतीस वर्षं मी बियाण्याच्या प्लॉटवर क्रॉसिंगचं काम केलं. पहिली चार वर्षं रोजानं, पुढं मुकादम म्हणून. अर्धापूरची केळी सगळ्यांना ठाऊक आहे. त्या केळीच्या बागांच्या आडोशाला दोन-दोन एकरांचे दुधी, काकडी, डांगराचे प्लॉट असायचे, ते कुणाला ठाऊक नसतात. डांगर म्हणजे तुमच्याकडचा लाल भोपळा. फटफटायच्या आत आम्ही पंधरा-वीस बाया तिथं हजर असायचो आणि नऊ वाजता काम संपलेलं असायचं. आळशीपणानं नव्हे. नऊनंतर फूलच मिटतं.

डांगराच्या वेलावर दोन तऱ्हेची फुलं येतात. मादी फुलाच्या बुडाशी लिंबाएवढं डांगर आधीच तयार असतं. नराच्या खाली नुसती लांब दांडी. खाण्यापुरतं डांगर हवं असेल तर मधमाशी सगळं निभावून नेते. बियाणं करायचं असेल तर माशीवर विसंबून चालत नाही, कारण ती कुणाच्या रानातून उठून आली ते सांगत नाही. म्हणून उद्या उमलणारी कळी आदल्या संध्याकाळीच ओळखायची. तिच्या टोकाला पिवळी झाक आलेली असते. नर आणि मादी, दोघांनाही कागदाची टोपी घालून बांधून टाकायचं. सकाळी नर तोडायचा, त्याच्या पाकळ्या सोलायच्या आणि आतली पिवळी कांडी मादीच्या मधल्या गाठीवर हलक्या हातानं फिरवायची. गाठीचे तीन-चार भाग असतात. एखादा सुटला तर फळ एका अंगानं चपटं होतं. मग पुन्हा टोपी, आणि देठाला चिठ्ठी. चिठ्ठीवर आई कोण, बाप कोण आणि तारीख.

लोक विचारायचे, काय काम करता? मी म्हणायची, लग्नं लावते. आमचे हे म्हणायचे, "पत्रिका न बघता लावते, तरी एकाचाही काडीमोड नाही." कामावरच्या बाया मात्र इवल्या डांगराकडं सरळ बोट करायच्या नाहीत. बोट दाखवलं की ते कुजतं, असं लहानपणापासून ऐकलेलं. मग "कोणतं फूल गं?" म्हटलं की बोट मुडपून दाखवायच्या. कुजतं ते नीट पराग न लागल्यामुळं, हे मी शंभर वेळा समजावलं. आणि माझं स्वतःचं बोटही मुडपलेलंच असायचं, हे आज कबूल करते.

या धंद्यात सगळं मोल त्या चिठ्ठीचं. बी हातात घेतलं तर खरं-खोटं कुणाच्या बापाला कळत नाही. कळतं एका वर्षानं, दुसऱ्याच्या रानात.

काम सुटल्यावर मी उदगीरला लेकीकडं राहायला आले. तिथंच एके दिवशी मन्मथअप्पा दारात येऊन उभे राहिले. वय चौऱ्याहत्तर, पांढरंशुभ्र धोतर, कपाळाला भस्माचे पट्टे. मोंढ्यात त्यांचं आडत दुकान, आता मुलगा बघतो. चाळीस वर्षांत अप्पांनी नव्या तुरीत जुनी तूर मिसळली नाही, असं त्यांचे दुष्मनसुद्धा सांगतात. मुलाच्या दोस्तानं परदेशातून तीन बिया पाठवल्या होत्या. माणसाच्या दुप्पट वजनाचं डांगर येतं त्याला, म्हणे. एक बी उगवली नाही, एक रोप उंदरानं कोरलं. उरला एक वेल.

"कमलबाई," अप्पा म्हणाले, "फळ लई मोठं आलं न्हाई तरी चालतंय. पण बी असल पाहिजे. मोंढ्यात पन्नास जणाला जबान दिलोय, जसंच्या तसं बी देतो म्हणून. नावं लिवून घेतलोय."

एकाच वेलाचा नर त्याच वेलाच्या मादीला लावायचा, मग बी वाणावर राहतं. मी हो म्हटलं. रिकामे हात मलाही सोसत नव्हते.

गावाच्या कडेला अप्पांचा मळा आणि मळ्यातच घर. वेलाची देखभाल त्यांच्या सुनेकडं, शिवलीलाकडं. पोरगी भालकीकडची, हुशार, हाताला हलकी. तिला मी चार दिवसांत सगळं शिकवलं. वेलाच्या प्रत्येक पेरावर माती ओढायची म्हणजे तिथं नवी मुळं फुटतात, आडवे फुटवे काढायचे, वेलावर फळ एकच ठेवायचं. आणि नर-मादी दाखवताना म्हटलं, "हे बघ, ह्याच्या खाली फळ नाही. हा नर. ह्याला कधी काही लागत नाही." तिनं मान डोलावली. माझी शिकवण तिथंच अर्धी राहिली, आणि ते माझ्या लक्षातही आलं नाही.

पहिल्या मादीत पावसाचं पाणी साचलं, ती गेली. दुसरी उन्हानं पिवळी पडली. तिसरी वेलाच्या बारा हातांवर आली. दसऱ्याला आठवडा होता. ही धरली तर फळाला तीन महिने मिळणार होते आणि जानेवारीतल्या यात्रेच्या कृषी प्रदर्शनाला ते उभं राहणार होतं. त्यापुढं वेल म्हातारा होतो. म्हणजे ही शेवटचीच.

ती उद्या उमलणार म्हणून मी संध्याकाळी पाचला टोप्या घेऊन मळ्यात गेले. घरात पाहुणे होते, अप्पांची बहीण आणि तिच्या घरची माणसं. शिवलीलानं मला बसवलं, पुढ्यात ताटली ठेवली. कुरकुरीत, पातळ आवरणाची, आत कसलीशी मऊ गोडसर चव.

"कशाची गं?" मी चौथं संपवताना विचारलं.

"आधी खा की मावशी, मग सांगते."

सात खाल्ली. वर कौतुक केलं. मग वेलाकडं गेले. मादी कळी तिथंच होती, टोकाला पिवळी झाक, उद्या सकाळची अगदी पक्की. नर शोधत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. नुसत्या तोडलेल्या दांड्या. उद्याच्या कळ्यासुद्धा गेल्या होत्या, कारण कळीत बेसन चांगलं भरता येतं. माझ्या पोटात सात नवरदेव होते.

शिवलीला मागं येऊन उभी राहिली. माझा चेहरा बघूनच तिला कळलं. "मावशी, तुम्हीच म्हणलात ना, ह्याला काय लागत न्हाई म्हणून."

मी म्हटलेच होते. तिच्यावर चिडायला मला जागाच नव्हती.

मग ती हळूच म्हणाली, "गुरुजींच्या बांधावर डांगर हाय. सकाळी गुपचुप दोन फुलं आणते. अप्पाला काय कळतंय?"

बांधापलीकडं गौतम गुरुजींचं दोन एकर रान. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, जमीन आठ वर्षांपूर्वी घेतलेली. मी इथूनच त्यांचा वेल बघितला. डांगरात दोन कुळं असतात. एकाचा देठ कठीण, कोनाकोनाचा; दुसऱ्याचा गोल, मऊ, बुचासारखा. एकाचा पराग दुसऱ्याला सहसा लागत नाही. आमच्या भागात कोनाच्या देठाचं जास्त. अप्पांचा परदेशी वेल गोल देठाचा होता. आणि गुरुजींचाही, नशिबानं, गोल देठाचाच.

म्हणजे लागलं असतं. फळ तेवढंच मोठं आलं असतं, कारण बाप फळात दिसत नाही, बियांत दिसतो. पन्नास जणांनी बी नेलं असतं, पुढच्या वर्षी भलतंच काही आलं असतं, आणि लोकांनी माती, पाऊस, परदेश, कशालाही दोष दिला असता. चिठ्ठीवर मी काय लिहिलं होतं, हे कुणी विचारायला आलं नसतं.

मोह झाला नाही असं म्हणत नाही. पण मी एकदा तसं केलं होतं.

अर्धापूरच्या एका प्लॉटवर वाऱ्यानं अकरा टोप्या उडाल्या होत्या. फुलं उघडी आणि आत माशा. नियम सरळ होता, ती फुलं तोडून टाकायची. पण ठरलेला फळांचा आकडा भरत नव्हता, मी मुकादम म्हणून नवी होते, माझी लायकी जोखली जात होती. मी कांडी फिरवली आणि इतरांसारख्याच चिठ्ठ्या बांधल्या. पुढच्या हंगामात कंपनीनं तपासायला ते बी पेरलं, वेल भलतेच निघाले. साहेब विचारायला आले, त्या ओळी कुणाच्या? त्या पारूच्या, माझ्या हाताखालच्या बाईच्या होत्या. पारू माझ्या शेजारी उभी होती आणि मी जमिनीकडं बघत होते. त्यानंतर पारूला कामाचं बोलावणं गेलं नाही. ती किनवटकडं भावाच्या गावी निघून गेली. माझ्या कामाच्या बाकी सगळ्या गोष्टी मी हसत सांगते. ही मला आजही हसत सांगता येत नाही. लाज वाटते.

मी सरळ अप्पांकडं गेले. ते बाजेवर बसले होते. पाहुणे नुकतेच निघाले होते.

"अप्पा, उद्याचे नर संपले. सुनेला मी अर्धवट शिकवलं, तिनं भजी केली, आणि खाल्ली मी."

"किती?"

"सात."

अप्पांनी मनाशी मोजलं. "मी अकरा खाल्लो," ते म्हणाले.

गुरुजींच्या वेलाचं मी सांगितलं. फळ येईल, पण बी वाणावर राहणार नाही, हेही सांगितलं.

"म्हंजे मिसळ."

"चिठ्ठीवर लिहिलं तर मिसळ नाही, अप्पा. क्रॉस. लपवलं तर मिसळ."

"आन् माझी जबान?"

फूल सोडून द्यायचं म्हटलं तर ना फळ, ना बी. वेल तसाच वाळून जाणार. अप्पा नातवाला निजवावं तसे मांडीवर हात थोपटत बसले. शेवटी म्हणाले, "लावा. चिठ्ठीवर कोणतं नाव लिवायचं?"

"ते गुरुजींना विचारावं लागेल. बी कुठलं, किती वर्षं सांभाळलंय, ते त्यांनाच माहीत. आणि त्यांचे नर आत्ताच बांधायला हवेत. तुम्ही विचाराल का?"

इथं गाडी अडली. आठ वर्षांत दोघांच्या बांधावर गप्पा व्हायच्या, मोटारीच्या पाण्याची पाळी ठरायची. शिवलीला चहा पाठवायची, तोही बांधावर. गुरुजी कधी अप्पांच्या ओसरीवर आले नव्हते, कारण कुणी या म्हणालं नव्हतं. अप्पा कधी गुरुजींच्या अंगणात गेले नव्हते. त्याचं कारण दोघांनाही माहीत होतं आणि दोघंही ते कधी बोलत नव्हते. आपल्या भागात अशा गोष्टी बोलून दाखवायची गरज पडत नाही.

अप्पांनी टोपी घातली. बांध ओलांडताना त्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला.

गुरुजी अंगणात मिरच्यांना पाणी घालत होते. अप्पांना बघून त्यांनी झारी खाली ठेवली, खुर्ची पुसली. "या. काही अडचण?"

"फूल मागाया आलोय, गुरुजी."

मी सगळं सांगितलं. भज्यांसकट. वर्गात उशिरा आलेल्या मुलाचं कारण ऐकावं तसं गुरुजींनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हणजे आमच्याकडचा नवरदेव पाहिजे तुम्हाला."

"हाव," अप्पा म्हणाले.

"देतो. पण चिठ्ठीवर त्याचं नाव पुरं लिहा. माझी बदली देगलूरला होती तेव्हा आईनं लावलेलं हे बी. ती गेल्यावर मी धरत आलो. आम्ही त्याला गोल देठाचं म्हणतो."

त्यांच्या बायकोनं चहा आणला. अप्पांनी कप घेतला, थोडा वेळ नुसताच धरला. मी दुसरीकडं बघितलं. पुन्हा बघितलं तेव्हा ते पीत होते.

सकाळी सहाला मादी उमलली. गाठीचे चार भाग, चारही भरलेले. कांडी मी शिवलीलाच्या हातात दिली. तिनं एकही भाग सुटू दिला नाही. गुरुजी बांधावरून बघत होते, मग नकळत बांध उतरून अलीकडं आले. चिठ्ठी शिवलीलानंच लिहिली. आई, अप्पांचा परदेशी वेल. बाप, गौतम गुरुजींच्या आईचं गोल देठाचं.

पाचव्या दिवशी फळ तुकतुकीत झालं, म्हणजे लागलं. पुढं ते असं सुटलं की सकाळी बघितलेलं संध्याकाळी ओळखू येईना. खाली वाळू घातली, वर पांढऱ्या साडीची सावली केली. दर रविवारी गुरुजी सुतळीनं घेर मोजायचे आणि वहीत लिहायचे. अप्पा शेजारी बसून त्यांच्या मोजण्यात चुका काढायचे. मी बघत होते, त्या दोन म्हाताऱ्यांना आता बांध आडवा येत नव्हता. मलाच काही मोठं हाती लागल्यासारखं वाटायचं.

जानेवारीत आठ माणसांनी ताडपत्रीत घालून ते उचललं. शहाण्णव किलो. पहिला नंबर आला. दुसरा नंबर वीस किलोचा होता, त्यामुळं चुरस म्हणता येणार नाही. बक्षीस घेऊन अप्पांनी माइक मागितला. समोर अर्धा मोंढा बसलेला.

"पन्नास जणाला मी असल बी देतो म्हणलतो," ते म्हणाले. "ते बी हे न्हाई. हे क्रॉस हाय. काय निघंल ते सांगता येत न्हाई. ज्याला नको त्यानं नाव काढून घ्यावं, माझा राग न्हाई. ह्याची आई आमच्या मळ्यातली. बाप गुरुजींच्या रानातला. हे समोर बसलेत गुरुजी, आमचे व्याही."

आधी हशा पिकला. मग तो अर्ध्यातच थांबला. 'व्याही' हा शब्द कुठून कुठं गेला ते तिथल्या प्रत्येकाला कळलं होतं. दोन-चार माणसं खुर्चीतल्या खुर्चीत सावरून बसली.

गुरुजी उठले. सदरा खाली ओढला. "अप्पा, माइकवर म्हणालात. आता माघार घेता येणार नाही."

"कामून घेऊ?" अप्पा म्हणाले.

पन्नासातली चौदा नावं त्याच दिवशी कमी झाली. कोण बी क्रॉस आहे म्हणून गेलं आणि कोण दुसऱ्या कशासाठी, हे मी विचारलं नाही. अप्पांनीही नाही. बी काढून वाळवल्यावर उरलेल्या छत्तीस जणांच्या पुड्या शिवलीलानं बांधल्या आणि प्रत्येक पुडीत दोन ओळींची चिठ्ठी टाकली.

प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी अप्पांनी डांगर फोडलं आणि घरी त्याची भाजी आणि घारगे होते. अप्पांनी स्वतः बांधापर्यंत जाऊन गुरुजींना आणि त्यांच्या बायकोला आणलं, ओसरी ओलांडून आतल्या खोलीत, जिथं घरची माणसं जेवतात तिथं पाट मांडले. गुरुजी बसले, पण अवघडून. हात ताटाशी जाईना. शिवलीला पदराचं टोक पिळत उभी.

मग गुरुजींनी ताटाकडं बघितलं आणि वर्गात बोलावं तशा ठणठणीत आवाजात म्हणाले, "आम्ही मुलाकडचे आहोत. घारग्यावर तूप कमी आहे."

शिवलीला तुपाचं भांडं घेऊन धावली. अप्पांनी ते तिच्या हातातून काढून घेतलं. गुडघ्यावर हात टेकत, कण्हत, ते गुरुजींच्या पाटासमोर वाकले आणि वाढू लागले. गुरुजींनी ताटावर हात आडवा धरला, तरी अप्पांची धार थांबली नाही. तूप गुरुजींच्या बोटांवरून ओघळून ताटात पडत होतं, आणि दोघांपैकी कुणीही हात मागं घेत नव्हतं.